स्लाइड क्रमांक ४१७

निपाणीच्या शालन चौगुलेबाईंचा गाल
काचेवर, नखाएवढा.
तपकिरी रंग पकडलाय तो भक्षकपेशींनी,
तंबाखूच्या वखारीतल्या धुळीसारखा.

घाण गिळायची, मेलेलं उचलायचं,
जखम सांधायची, ही त्यांची नोकरी.
गाठीभोवती दाटीनं बसल्यात;
मला वाटलं, वेढा घातलाय.
हिरेमठ डॉक्टर म्हणाले, "नोडी,
गाठीलाच जखम समजल्यात त्या.
रक्ताच्या वाटा काढून देतायत तिला."

विडी वळताना फाटलं पान
शालनबाई टाकत नसत,
ठिगळ लावून वळत.
चाळीस वर्षं.

बेळगावात ऊन कललंय.
बाहेर बाकावर त्यांचा मुलगा,
हातात न वाचता येणारी कन्नड पावती:
"काय आलं हो, आत?"
मी मराठीत शब्द शोधतो.
नखातलं तपकिरी
साबणानं निघत नाही.