सहाव्या ओळीनंतर

गुरुवारी दवाखाना रात्री आठपर्यंत उघडा असतो.
शेवटची बस पावणेसहाला सुटते.
या दोन वाक्यांच्या मधे तीन मैल रस्ता आहे,
एका अंगाला स्ट्रॉबेरी, दुसऱ्या अंगाला ट्रक,
आणि क्रेसेन्सिया, पाठीवर अब्दीआस,
सात वर्षांचा, तरीही पाठीवर,
कारण चालला की त्याची छाती शिट्टी वाजवते.

माझं काम मधे बसायचं.
डॉक्टर इंग्रजीत विचारते,
नर्स लिओनोर ते स्पॅनिशमध्ये उतरवते,
तिथून मी मिस्तेकोत.
उत्तर त्याच पायऱ्यांनी वर चढतं
आणि पायरीगणिक थोडं सांडतं.
मेक्सिकोची बाई, तिला स्पॅनिश येणारच, असं सगळे धरून चालतात.
क्रेसेन्सियाला येतं ते एवढं : हो, नाही, किती, उद्या.

‘दुखणं किती? एक ते दहा.’
ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, सहाव्या ओळीपर्यंत कंबर माझी असते,
पुढे कुणाची, मला ठाऊक नाही.
मी जसंच्या तसं सांगितलं.
लिओनोरनं कागदावर लिहिलं : ६.

आमच्या बोलीत घराला पोट असतं,
टेबलाला चेहरा.
‘पोटात काय होतंय?’ डॉक्टरनं विचारलं,
आणि क्रेसेन्सियानं उलट विचारलं, ‘कुणाच्या?’
तोही मी जसाच्या तसा पोचवला.
कुणी हसलं नाही, हे बरं झालं.

मग अर्ज. घरात माणसं किती?
तिनं पेनाचं टोपण लावून टाकलं.
‘हा कागद इथून कुठे जातो?’
पदरचं काही घालायची मला परवानगी नाही.
मी फक्त प्रश्न पलीकडे नेला.
लिओनोर काही बोलली नाही. उठली,
कपाट उघडून दाखवलं, फळी दाखवली,
कुलूप लावलं, आणि गळ्यातली किल्ली
तिच्या तळहातावर ठेवली, क्षणभर.
‘आठ,’ क्रेसेन्सिया म्हणाली. ‘चुलतभाऊ धरून.’
आणि दारापर्यंत जाऊन परत आली :
‘नऊ. वहिनीला सातवा महिना आहे.’

बसचं गाऱ्हाणं नगर परिषदेत मांडता येतं,
हे तिला लिओनोरनंच सांगितलं.
‘पण मला मत नाही.’
‘मतदान नाही. मत आहे ना?’

मंगळवारी सहा जणी आल्या,
लांब बाह्यांचे सदरे तसेच, नखांत लाल.
माणशी दोन मिनिटं, दुभाषी असेल तर चार.
आमच्याकडे दुभाषे दोन,
दुसऱ्याचा हिशेब नियमात नव्हता.
समोर लाल आकडे उलटे पळत होते.
क्रेसेन्सिया म्हणाली, आम्ही तुमच्या गावाच्या पाठीवर राहतो.
मी ते स्पॅनिशमध्ये दिलं. परिषदेचा माणूस सफाईनं
इंग्रजीत म्हणाला : गावाच्या मागे.
एवढंच. एक शब्द सांडला.
इतकी वर्षं मी सांडलेलं पुसून गप्प बसत आलेय.
त्या दिवशी माइककडे वाकले.
‘माफ करा, दुभाष्याची दुरुस्ती.
मागे नाही. पाठीवर.’
तेवढ्यात घंटा वाजली.

ठरलं काय, तर वसंतात अभ्यास करू.
बस अजून पावणेसहालाच सुटते.
गुरुवारी फिदेन्सियोची व्हॅन फेऱ्या मारते,
पेट्रोलला ज्याला जमेल त्यानं डॉलर टाकायचा.
अब्दीआसला पंप मिळालाय; तो शाळेत इतर मुलांना
श्वास कसा धरून ठेवायचा ते शिकवतो.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो, अकरा जणी.
चिठ्ठीवर क्रेसेन्सियानं आपलं नाव स्वतः लिहिलं,
शेवटचं अक्षर कडेबाहेर गेलं.
कारकून बाईंनी ते वाचलं, चुकलं,
पुन्हा वाचलं, पुन्हा चुकलं,
मग चष्मा काढून म्हणाल्या, तुम्हीच सांगा.
तिनं सांगितलं. दोनदा.
घड्याळ तोवर सुरू केलं नव्हतं.