पंधरा मिनिटांवर

ऑगस्टात अबू धाबीला कुणी येत नाही,
म्हणून ऑगस्टात हॉटेलं अर्ध्या भावात.
नाश्ता धरून. शिवाय सहा वर्षांपर्यंतचं मूल
आईबापांच्या पलंगावर झोपलं तर फुकट.
वद्दाह सातचा आहे.
तू सहाचा आहेस, असं आम्ही त्याला
आठवडाभर आधीपासून सांगत होतो.

दर उन्हाळ्यात मी विमानांचे दर बघत बसायचो,
मंगळवारचे, पहाटेचे,
अदिस अबाबाला पाच तास लटकवून ठेवणारे.
यंदा खार्तुम टाइप केलं
तर यंत्र म्हणालं, तुम्हाला दुसरं काही म्हणायचंय का?

इहसान म्हणाली, मग इथेच जाऊ.
इथे म्हणजे कुठे? इथे तर आपण राहतो.
राहतो, ती म्हणाली. गेलोय कधी?

खरं होतं. अकरा वर्षं मी या शहराची पाण्याची बिलं तपासतोय.
कुठला मनोरा महिन्याला किती पाणी पितो,
कुठल्या बागेचे नळ रात्री दोनला सुटतात,
सगळं तोंडपाठ.
त्या बागेतल्या एकाही बाकावर
मी टेकलेलो नाही.

तस्नीमने गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर
बेत आखला, पट्टीने रेघा मारून.
सकाळी: काही नाही, बाहेर पंचेचाळीस अंश.
दुपारी: तेच.
संध्याकाळी: समुद्र. (तोही कोमट,
विसरलेल्या चहासारखा, पण समुद्र.)
दुसऱ्या दिवशी: वाळवंट, उंटावर एक फेरी,
माणशी एकशे साठ दिरहम.
ते मी खोडलं. म्हटलं, तुझ्या पणजोबांच्या उंटाच्या लाथा
मी लहानपणी फुकट खाल्ल्यात.
तिने खालीच बारीक अक्षरात लिहिलं:
बाबांनी खाल्ल्यात, मी नाही.
उंट राहिला.

निघायच्या आदल्या रात्री सवयीने
बॅग काट्याला अडकवली. तेवीस किलो.
दोन रात्रींसाठी?
चेन उघडली.
चहाची बारा पाकिटं. चंदनाचा धूप.
चार जोड बूट, भाच्यांच्या गेल्या वर्षीच्या मापात
एकेक नंबर वाढवून.
थोरल्या मावशीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सहा महिन्यांच्या.
मावशी आता नदीपलीकडे आहे की थेट चाडमध्ये,
नक्की कळत नाही. फोन लागतो तेव्हा
ती तिथून हलायच्या तयारीत असते.
इहसान पलंगाच्या कडेला बसली.
हात आपोआप भरत गेले, म्हणाली.
काढून ठेवायला कुणीच पुढे झालं नाही.
वरून पोहायचे कपडे कोंबले
आणि मी गुडघा देऊन चेन लावली.

स्वागतकक्षातली मुलगी केनियाची, छातीवर नाव: वांजिकू.
कुठून आलात? तिने विचारलं.
मी म्हटलं, इलेक्ट्रा रस्ता, औषधाच्या दुकानामागून.
ती बॅगेकडे बघत राहिली,
मग आमच्याकडे,
आणि तिने आम्हाला वरचा मजला दिला.

एकोणिसावा. मुलं काचेला नाकं लावून
आपली इमारत शोधत होती.
सापडली. औषधवाल्याचा हिरवा क्रॉस,
त्यावर तिसरी खिडकी,
तिच्यात उजेड.

दिवा चालूच राहिला, मी म्हटलं.
गाडीने पंधरा मिनिटं. किल्ली हातातच होती.
राहू दे, इहसान म्हणाली.
लांबून कुणीतरी घरी असल्यासारखं वाटतंय.
दिवे मालवून ती बराच वेळ तिथेच उभी होती.
बॅग दाराजवळ, न उघडलेली.

सकाळी नाश्त्याला वाढपी जवळ येताच
वद्दाहने कुणी न विचारता सांगून टाकलं:
मी सात वर्षांचा आहे.
मी मेन्यूत तोंड घातलं.
वाढप्याने त्याच्या ताटात दुसरं अंडं ठेवलं,
म्हणाला, सातला दोन.
बिल आहे तेवढंच आलं.