शेवटचं पाणी

कॅननगेट, एडिंबरा, १८३१

मस्य द केर्मारेकनी आजही
धुण्याचे साडेचार शिलिंग उधार ठेवले,
वर एक निशाण दिलं. नुसतं पांढरं.
"राजाचं आहे. खऱ्या राजाचं. जपून."
खोटा कोण, मी विचारलं नाही.

त्यांची शेगडी विझलेलीच असते.
पलंगाखाली पेटी बांधून तयार,
न जाणो, बोलावणं आलं तर.
तीन रंगांचं नाव काढलं
की उठून खिडकी लावून घेतात.
"डाग नको हं, एल्स्पेथ. निळा तर नकोच,
तो त्यांच्या झेंड्यात आहे."

आता काय सांगावं माणसाला.
बेचाळीस वर्षं मी लोकांचं धुतेय.
पांढरं ठेवून ठेवून पिवळं पडतं,
आणि पिवळ्याला औषध एकच.
शेवटच्या पाण्यात
निळीची पुरचुंडी बुडवली,
एकदाच, पटकन.

दोरीवर ते फडफडलं
तेव्हा लीथकडून खारा वारा येत होता.
म्हातारा जिना उतरून आला,
टोपी काढून उभा राहिला गटाराशेजारी.
"बघ," म्हणाला, "काय शुभ्र आहे."

मी हात एप्रनखाली घेतले.
नखं अजून निळी होती.