सील: नको म्हणाले

मुंबई नाक्याच्या थोडं पुढे, उड्डाणपुलावर
सँट्रो बंद पडली.
धूर नाही, धक्का नाही.
बोलता बोलता माणूस मध्येच गप्प व्हावा, तशी.
मागून हॉर्न. मी खिडकीतून हात काढून
सगळ्या नाशिकला पुढे जायला सांगितलं.

पिंपळगावहून आलेल्या एका पिकअपवाल्याने
क्रेट बांधायची दोरी माझ्या बंपरखाली अडकवली.
'ब्रेक जड लागेल, काका. सगळा जीव द्या पायात.'

अंबडला मुश्ताक मणियारचं गॅरेज.
आधी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही त्याने.
'मारा स्टार्टर.'
एरवी इंजिन अडत अडत, दम घेत फिरतं.
हे भिंगरीसारखं, बिनओझ्याचं.
'हलकं फिरतंय,' म्हणाला, आणि चहा सांगितला.
चहा आधी आला म्हणजे खर्च मोठा,
एवढं मला कळतं.

तेलाचं झाकण काढून आत टॉर्च मारली.
पोरगा किल्ली फिरवत राहिला.
खाली क्रँक फिरतोय, वर कॅमशाफ्ट ढिम्म.
कव्हर निघालं. बेल्ट तुटला नव्हता,
एकाच जागचे सहा-सात दात गेलेले,
बाकी पट्टा नव्यासारखा.
मी लगेच, 'अहो, तीन वर्षंही झाली नाहीत!'
त्याने आतून एक बोट फिरवलं
आणि माझ्यासमोर धरलं.
तेल.

मग खिळ्याला टांगलेली वही निघाली.
'चौदा ऑगस्ट. सँट्रो. बेल्ट, टेन्शनर बदलले.
कॅमचं सील झिरपतंय. सांगितलं.
नको म्हणाले.'
खाली माझी सही.
सही चांगली येते माझी. एकतीस वर्षं
नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात,
तपासलेल्या शीटमागे रोज करत आलो.
सहाशे रुपये वाचवले होते.

तिथे एका रंगाची खूण
दुसऱ्या रंगाच्या खुणेवर बसावी लागते.
केसभर सरकली की शीट रद्द,
मग ती कितीही देखणी असो.
पाटोळे नावाचा मशीनमन होता.
'थोडंसंच आहे, साहेब,' म्हणायचा.
मी लाल पेन्सिल मारायचो.
दोन महिने बोलला नाही माझ्याशी,
डबा घेऊन दुसऱ्या बाकावर बसायचा.

थोडंसंच झिरपत होतं तेल.

हेड उतरवलं. पोर्टमध्ये पेट्रोल ओतलं
तर व्हॉल्व्हच्या कडेने टिपटिप खाली.
बारापैकी आठ वाकलेले.
पिस्टन वर येत होता
आणि त्यांना कुणी 'सरका' म्हणालंच नव्हतं.

हेड सातपूरला जाऊन आलं.
मुश्ताक दोन तळव्यांत काठी धरून,
ताक घुसळावं तसा,
करड्या पेस्टने एकेक व्हॉल्व्ह घासून बसवत होता.
पेट्रोल ओतायचा, थांबायचा,
फडक्याने पुसून परत घासायचा.
मी स्टुलावर. कुणी काही बोलत नव्हतं.

शुक्रवारी म्हणाला, 'खुणा बघून घ्या.
तुम्ही छापखान्यातले.'
मी चष्मा पुसला. खालची खूण पाहिली,
वरची पाहिली, परत खालची.
'एक दात मागे आहे,' मी म्हणालो,
जुन्या आवाजात.
पोराचा चेहरा उतरला.
मुश्ताक हसला नाही.
'तिरके उभे आहात, साहेब. समोर या.'

समोर गेलो.
खुणेवर खूण.

किल्लीआधी पाना लावून दोन फेरे हाताने.
'तुम्हीच फिरवा,' म्हणाला.
अडलं. दम घेतला. फिरलं.
परत अडलं, आणि मला इतकं बरं वाटलं
की मी तिसराही फेरा दिला.

वहीत नवी ओळ: 'सील बदललं.'
सही केली. जुन्या पानावरची तशीच राहू दिली.

गाडी अंबडहून सरळ घरी न्यायची होती.
पाटोळे जेलरोडला राहायचा,
दत्तमंदिराच्या मागे कुठेतरी.
विचारलं तर सांगेल कुणीही.