रकाना सातवा

सत्तावीस वर्षं मी मेडिकल कॉलेजात आकडे शिकवले,
आडगावला, हायवे जिथून ओझरकडे सुटतो.
माझा तास म्हणजे पोरांचा डुलकीचा तास.
राग नव्हता. रात्री ड्युटी, सकाळी प्रमाण विचलन,
कोण जागं राहील?

पण एक हिरवी वही मी त्यांच्या नकळत ठेवली.
पहिला रकाना प्रवेश परीक्षेचा, दुसरा बारावीचा,
मग शरीररचना, औषधशास्त्र, वॉर्डातले शेरे,
सहावा इंटर्नशिपचा.
सातव्याला नाव सुचेना, म्हणून वर नुसतं लिहिलं:
पुढे.

निवृत्तीच्या वर्षी विद्यापीठातून पत्र आलं.
प्रवेशाच्या गुणांवरून चांगला डॉक्टर
आधीच ओळखता येतो का, एका पानात कळवा.
एका पानात!

बसले. मार्च होता, पंखा खडखडत होता.
गुणांनी गुण सांगितले, अगदी इमानानं:
तिथे वर तो पहिल्या वर्षीही वर.
दुसऱ्या वर्षी जरा सैल.
वॉर्डात पोचेपर्यंत धागा इतका बारीक
की दिव्यासमोर धरावा लागला.
शून्य दशांश एकतीस.
वर्ग केला तर शंभरातले साडेनऊ.
उरलेले साडेनव्वद
ओपीडीच्या बाकावर बसून राहिले, केसपेपर हातात,
कोणी नाव पुकारेना.

लोकांना उलटी गोष्ट आवडते,
की पहिला आलेला वाया जातो, शेवटचा देव निघतो.
तसं नाही. हेमांगी टिळे माझ्या वहीत पहिली,
आणि आज माझ्या गुडघ्याला हात लावण्याआधी
ती तळवे चोळून गरम करते.
दोन्ही खरं.
एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, ते वहीला विचारलं.
वही गप्प.

हिरामण गावित, सुरगाण्याकडचा, पानाच्या तळाला.
तोंडी परीक्षेत मी बाहेरची म्हणून बसले होते, घड्याळ लावून.
प्रश्न विचारला की हा थांबायचा. अकरा सेकंद.
लिहिलं: उत्तर येत नाही. दहापैकी तीन.
उत्तर आलं होतं, बरोबर होतं,
पण तोवर माझं पेन पुढच्या नावावर गेलेलं.

नणंद पेठच्या शाळेत असते. तिला ताप होता,
घेऊन गेले तिथल्या सरकारी दवाखान्यात,
तर टेबलामागे हिरामण.
आमच्या पुढे एक म्हातारी, सोबत सून.
म्हातारी म्हणाली, पोटात दुखतं.
हा थांबला.
मी सवयीनं मोजायला लागले. सात. आठ. नऊ.
त्यानं सुनेला पाण्याची बाटली भरून आणायला पाठवलं
आणि परत थांबला.
म्हातारी म्हणाली, पोटात नाही रे दादा.

भाऊ मोहाडीला निर्यातीची द्राक्षं पारखतो.
मण्याचा थेंब काचेवर, नळकांडं उन्हाकडे,
एक डोळा मिटून: अठरा. जाऊ दे.
मग बाजूला फेकलेल्या घडातलाही मणी तोंडात टाकतो.
म्हटलं, नाकारलेला कशाला चाखतोस?
म्हणाला, नाहीतर यंत्र चुकलं ते कळायचं कसं, अक्का?

त्या रात्री वही पुन्हा उघडली.
दोन गुणांनी बाहेर राहिले, त्यांची ओळच नव्हती.
कोणी सातपूरच्या कंपनीत, कोणी मेडिकलच्या काउंटरमागे,
कोणाचं तर नावही मला माहीत नाही.
एकतीस काय, तीस काय,
आत घेतलेल्यांचीच बेरीज ती. बाकीचे चाखलेच नाहीत.

एका पानात कळवलं. अर्धं पान कोरं राहिलं.
मग हिरामणसमोरचे ते तीन खोडायला घेतले,
नातीचं रबर होतं, लाल-निळं.
निळ्या बाजूनं घासलं, खूप घासलं.
कागद झिजला, पलीकडची ओळ दिसायला लागली.
तीन तिथेच.
तेव्हा मी शाईनं लिहीत असे.