पत्ता

बोरा सुटला की त्रिएस्तेत दारं आतून ओढून धरावी लागतात.
म्हाताऱ्या बायका दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभ्या राहतात.
अशा दिवशी फारसं कुणी येत नाही,
आणि जो येतो त्याला खरंच काहीतरी विचारायचं असतं.

एकतीस वर्षं झाली.
ओत्तावियोच्या घड्याळांच्या दुकानामागे ही खोली,
हिरवं कापड, त्यावर सिगारेटचा डाग, माझाच,
आणि समोरची खुर्ची, जिचा एक पाय आखूड आहे.
मुद्दाम दुरुस्त करत नाही.
डगमगता माणूस लवकर बोलू लागतो.
भिंतीपलीकडे चाळीस घड्याळं चाळीस वेळा सांगतात.
मी निदान एकच सांगते, म्हणते मी ओत्तावियोला.
तो भिंग डोळ्याला लावूनच हसतो.

सुरुवातीला मला पानं पाठ होती, माणसं नव्हती.
तो परत येईल, असं ओन्दिनाला मी छातीठोक सांगितलं.
चषक होते, सूर्य होता, सगळं सुलटं पडलं होतं.
आणि आला की तो परत.
तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा
काळा चष्मा तिनं काढलाच नाही.
पैसे आधीच टेबलावर ठेवले,
जणू माझं काही चुकलंच नव्हतं.
चुकलं नव्हतंच.
ते जास्त वाईट.

तेव्हापासून आधी हात बघते.
रेषा नाही, ते दुसऱ्यांचं दुकान.
पिसताना पानं कोण कुरवाळतं, कोण आपटतं,
कोण कडा जुळवत बसतं, जुळल्या तरी;
नखांखालचं ग्रीस, अंगठीच्या जागेचा पांढरा पट्टा.
ही लबाडी का?
असेल.
डॉक्टरही दारातून येणाऱ्याची चाल बघतोच.

तेरावं पान निघालं की श्वास अडकतात.
घाबरू नका, मृत्यू म्हणजे इथे बदल:
हे वाक्य इतक्यांदा म्हटलंय की त्याचा गुळगुळीत गोटा झालाय.
दुशानलाही तेच म्हटलं.
बंदरावर क्रेन चालवायचा, बढतीचं विचारायला आला होता.
बदल आहे, म्हटलं. वरची जागा.
तो म्हणाला, आता आणखी किती वर,
चाळीस मीटरवर तर बसतो मी.
मार्चमध्ये त्याची बायको आली. खुर्चीत बसली नाही.
तुमच्याकडून आला त्या रात्री खूश होता, एवढंच म्हणाली.
मी पानं गोळा केली. कापड झटकलं.

माझ्या जोडात चंद्र नाही.
एका हिवाळ्यात दार सुटलं आणि तो कालव्याकडे उडून गेला.
कॉफीच्या खोक्याचा पुठ्ठा त्या मापाचा कापला,
चित्र काढायचं राहून गेलं.
आता तो कोरा तुकडा निघतो तेव्हा
माणसं सगळ्यात जास्त वेळ त्याच्याकडेच बघतात.
मी गप्प बसते.
गप्प बसायला मला वीस वर्षं लागली.

पत्त्यांपुढे बसून सगळे पत्ताच विचारतात:
पळालेल्या पोराचा, हरवलेल्या झोपेचा,
आपण नक्की कुठे चुकलो त्या वळणाचा.
मला कुठला ठाऊक असणार?
मी फक्त पानं मांडते,
म्हणजे हातांना काहीतरी बघायला मिळतं
आणि तोंडाला बोलायला.

आज एकच पोरगं आलं, पार्सलं पोचवणारं,
हेल्मेट मांडीवर, वाऱ्यानं डोळे लाल. निदान वाऱ्यानंच, असं मी धरलं.
ठीक होईल ना?
काय, ते सांगितलं नाही.
कोरा पुठ्ठा निघाला.
खुर्ची एकदा डुगडुगली, आणि मग तासभर तोच बोलला.
जाताना म्हणाला, तुम्ही अगदी बरोबर सांगितलंत.

स्वतःसाठी पानं काढत नाही मी.
हलवायानं रात्री भाजीभाकरीच खावी.

ओत्तावियो भिंतीवर ठोकतो:
वारा कधी पडणार गं?
त्यासाठी मी उठून खिडकीतून बघते.