एकच चाक

कॅमेरा नातीचा, जुना.
तेक्लेनं तिबिलिसीत नवा घेतला
आणि हा बोन्दोच्या पदरात पडला:
पट्ट्यावर नेलपॉलिशचा डाग,
लेन्स खोक्यातच मिळते तीच, अठरा ते पंचावन्न,
पाठीवर, अंगठ्यापाशी, एकच चाक.

महागड्यांना दोन असतात म्हणे.
एक, उजेडानं आत किती वेळ थांबायचं त्याचं.
दुसरं, दार किती किलकिलं ठेवायचं त्याचं.
आमच्याकडे एकावरच भागवायचं.
दाराचं काम निघालं की तर्जनीनं
वरचं मसुराएवढं बटण दाबून धरायचं
आणि मग तेच चाक फिरवायचं.
बोन्दोची तर्जनी पोतीच्या गोदीत चौतीस वर्षं भाजलेली,
बटण तिला सापडत नाही,
सापडलं तर सुटत नाही.

जावई समजवायला बसला. आकडा मोठा म्हणजे दार लहान,
हे उलटं का, ते त्यालाच सांगता येईना.
बोन्दो म्हणाला, कळलं.
वेल्डिंगच्या काचेचंही तसंच.
नऊपेक्षा अकरा नंबर काळी.
गोचा गप्प झाला, चहा प्यायला.

हिरव्या खुणेवर ठेवला तर कॅमेरा स्वतःचं स्वतः बघतो.
पण आमचं स्वयंपाकघर त्याला अंधारकोठडी वाटतं,
टचकन डोक्यातून फ्लॅश काढतो
आणि माझे डोळे मिटतात.
लग्नातल्या फोटोतही मिटलेलेच आहेत.
पासपोर्टवर तेवढे उघडे, तिथली बाई ओरडली होती.

बोन्दोला तो फ्लॅश बघवत नाही.
त्या पांढऱ्या झपाट्यातच त्याचा जन्म गेला.
रात्री डोळ्यांत वाळू घेऊन घरी यायचा,
मी बटाटा किसून फडक्यात बांधायची,
पापण्यांवर ठेवायची,
आणि तो अंधारात विचारायचा, आज काय काय केलंस?
मी सांगायची. सगळं सांगायची.
बघितलेलं त्यानं काहीच नसायचं.

नोव्हेंबरात मी अक्रोड ओवत होते,
द्राक्षाचा रस शेगडीवर आटत होता.
त्यानं कॅमेरा पिठाच्या डब्यावर ठेवला,
खाली माझी घडी घातलेली ओढणी.
आयएसओ आठशे. सोळाशेला म्हणे रवा सांडल्यासारखं दिसतं.
दार साडेतीन, सताड;
याहून ते उघडत नाही, स्वस्तातलं दार.
आणि वेळ? पाव सेकंद.
"लामारा, श्वास रोख."
मी म्हटलं, एक्सरे काढतोयस का?

पहिला काळाठिक्कर.
दुसऱ्याला चाक उलटं फिरलं, दूध उतू गेल्यासारखा पांढरा.
तिसऱ्याला मी शिंकले.
चौथा, पाचवा, सहावा त्याचे त्यानं पुसले,
मला दाखवलेही नाहीत.
आतला काटा वजाकडे झुकलेला, कमी पडतंय, कमी पडतंय.
"पडू दे," बोन्दो त्याला म्हणाला,
गोदीतल्या मुकादमाशी बोलायचा तसंच.

सातव्यात मी आहे.
खिडकीकडचा अर्धा गाल, एक कान,
डोळे उघडे, सुईच्या नाकाकडे.
हात मात्र नाहीत.
हातांच्या जागी वाफ,
वाफेतून निघालेला दोरा
आणि त्यावर मोजून पंधरा अक्रोड.

तेक्ले फोनवर म्हणाली, आजोबा, डार्क आलाय,
पाठवा, मी उजळून देते, एका मिनिटाचं काम.
बोन्दोनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"किती वाजता काढलाय माहितीय? संध्याकाळी पाचला.
नोव्हेंबरातले पाच असेच असतात."

आता तो रोज गोदीच्या कुंपणापाशी जातो.
पोरं जहाजाच्या पोटाला टाके घालत असतात,
तो ठिणग्यांचे फोटो घेत नाही.
ठिणगी विझून पोरानं मुखवटा वर केला,
घाम पुसला,
की चाक दोन खटके मागे, बटण, एक पुढे.
तर्जनी हल्ली ऐकते.

बॅटरी तेवढी रात्री मी चार्जिंगला लावते.
त्याच्या ते लक्षात राहत नाही.
त्याला वाटतं, ते आपोआप होतं.